भोईर सरांचा आवाज

धंद्यातले कागद रद्दीत जातात, पण किस्से काही जागा सोडत नाहीत! नव्वदच्या दशकात शहापुरात माझी दोन टेबलांची कन्सल्टन्सी होती. कामं मी आणायची आणि ट्रेनिंग भोईर सरांनी घ्यायचं, अशी आमची भागीदारी. सर कुणाच्या नोकरीत नव्हते. आवाज हेच त्यांचं भांडवल.

* * *

मुरबाडच्या एका कारखान्यात सेफ्टी ट्रेनिंग होतं. सरांनी विचारलं, "आग लागली तर आधी काय कराल?"

मागून उत्तर आलं, "आधी डबा उचलीन, सर. डबा हरवला तं बायको घरात घेयाची नाय!"

सरच इतके हसले की चहाची सुट्टी द्यावी लागली.

* * *

डोळखांबच्या एका पाड्यावर गेलो, तर सगळे वीटभट्टीवर गेलेले. समोर फक्त तीन म्हातारे. मी म्हटलं, "सर, परत जाऊ."

"तिघं आलेत ना?" म्हणत सर दोन तास घसा ताणून बोलले.

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "लय चांगला बोलतंस रे. पन मला ऐकू येत नाय!"

* * *

असं हसता हसता सरांचा आवाज बसायला लागला. "एकदा डॉक्टरला दाखवतो," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "एवढी बॅच होऊ द्या." अशा किती बॅच झाल्या! आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

* * *

वैशाखरे गावातल्या बायकांच्या बचत गटाचं दुसरं ट्रेनिंग आधीच ठरलेलं होतं. मी ते रद्द करायला निघालो, तर सरांनी वहीत लिहिलं, "मी येतो. तू बोल."

मी उभा राहिलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो. सर खाली बघत बसलेले.

तेवढ्यात गटाच्या अध्यक्ष जानकीबाई उठल्या. "तुमी बसा, भाऊ. बैठक कशी घ्यायची त्ये सरांनी मागल्या खेपेला सांगलंय. मी बोलते. सर, चुकली तं टाळी वाजवा."

हात मागे बांधून, सरांच्याच थाटात त्या सुरू झाल्या. हजेरी विसरल्या. ठराव आधी आणि चर्चा मागून, असं उलटंच सांगितलं. वर पदरचा एक नियम घातला, "उशिरा येल तिनं सगल्यांची भांडी घासायची!"

सर दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. टाळी त्यांनी एकदाही वाजवली नाही.