बारीक तंगूस

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे कुणी कागदावर काही लिहिलं तर तो अर्ज असतो, आणि तोही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला. स्वतःविषयी लिहावं इतकं माझ्या आयुष्यात काही घडलं आहे असंही नाही. त्यातून विषय असा, की वाचणाऱ्याला हसू येईल: मासे धरायचा दोरा कोणता घ्यावा. पण या दोऱ्यापायी माझं दिल्लीतलं शेवटचं वर्ष गेलं. परीक्षा तोंडावर आली आहे आणि अभ्यासाला बसलं की तेच आठवतं, म्हणून लिहून टाकतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी मुनिरक्यात राहतो. खोलीत तिघे आहोत, बाकीचे दोघे यूपीएससीचा अभ्यास करतात. मी एमए करतो, अर्थशास्त्रात. वडील धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करतात. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही. मागच्या उन्हाळ्यात निघताना त्यांनी मला एसटी स्टँडवर सांगितलं, "परीक्षेपर्यंत नोकरी लागली तर तिकडंच राहा. नाही लागली तर ये. होडीवर दुसरा माणूस लागतोय." त्यात राग नव्हता. एका हाताने जाळं ओढता येत नाही, एवढंच. मी मान हलवली. मला परत जायचं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीत असावं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, नोकरी.

कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. त्याच्या कँटीनला मी कधीमधी थालीपीठ खायला जायचो. सर मला तिथेच भेटले. ते आणि त्यांचे एक मित्र शेजारच्या टेबलावर होते. मी वेटरशी मराठीत बोललो तसे सर वळले.

"गाव कुठलं रे?"

मी सांगितलं.

"घरी शेती?"

"नाही सर. मासेमारी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मित्र टेबलावर हात आपटून हसले. "घ्या! आपण अख्ख्या दिल्लीतली दुकानं पालथी घातली, आणि एक्स्पर्ट इथे लोणी चोपडत बसलाय!"

सर पुण्याचे. गुरुग्रामला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांचे मित्र मुंबईचे, एका बँकेत आहेत. मी त्यांना काका म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "काका नको यार, केस डाय केलेत त्याचा तरी मान ठेव." पण दुसरं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मी काकाच म्हणत राहिलो. दोघांना गळाने मासे धरायचा शौक. येत्या मार्चमध्ये त्यांना हिमाचलात ट्राउटसाठी जायचं होतं. त्यासाठी सरांनी नवी काठी आणली होती. अल्ट्रालाइट म्हणतात तिला. उदबत्तीच्या पुड्यासारखी हलकी, टोकाला करंगळीपेक्षा बारीक. तिला लावायचं आमिषही शर्टाच्या बटणाएवढं. एवढं हलकं आमिष लांब फेकायचं तर दोराही तसाच बारीक हवा, आणि तिथेच सरांचं अडलं होतं.

"बाकी सगळं आहे," सर म्हणाले. "लाईन ठरत नाहीये. तू सांगशील?"

"आमच्याकडे तंगूस म्हणतात सर. आमच्याकडे एकच असतो. जाड नाहीतर बारीक."

"चालेल. शिकशील." मग बिल देता देता त्यांनी विचारलं, मी काय शिकतो, पुढे काय करणार. मी नोकरीचं बोललो. "आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ट्रेनीची एक जागा निघेल," ते म्हणाले. "इकॉनॉमिक्सवाला चालतो. बघू. रविवारी मोकळा असतोस ना?"

मी मोकळाच होतो.

मी खरंच शिकलो. हे सांगताना थोडी लाज वाटते, कारण तितका मी सेमिनारचा पेपरसुद्धा वाचला नव्हता. तंगूस तीन जातींचा असतो हे मला तेव्हा कळलं. साधा नायलॉनचा, ज्याला ते मोनो म्हणतात, तो ताणतो. मासा झटका देतो तेव्हा अर्धा झटका दोराच खातो, त्यामुळे गळ तोंडातून निसटत नाही. पण तो रिळावर बरेच दिवस राहिला की स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो आणि मग लांब जात नाही. दुसरा फ्लुरो. तो पाण्यात दिसत नाही, म्हणून नितळ पाण्यात चांगला, पण ताठ असतो आणि छोट्या रिळावरून उसळून येतो. तिसरा ब्रेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेला. तो सगळ्यात बारीक, सगळ्यात लांब जाणारा. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. मात्र तो जराही ताणत नाही. मी सरांना लांबलचक मेसेज लिहायचो आणि शेवटी दर वेळी मोनोच सुचवायचो. ते अंगठा पाठवायचे. एकदा त्यांनी "गुड" लिहिलं, ते मी खोलीतल्या दोघांना दाखवलं.

दर रविवारी सर मला मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावरून गाडीत घ्यायचे. मानेसरच्या पुढे एका फार्महाऊसवर तळं आहे, तिथे फी भरून मासे धरू देतात. धरायचे, फोटो काढायचा, सोडून द्यायचे. एका सकाळी सरांच्या सगळ्यात बारीक मोनोला रोहू लागला. बारीक तंगुसाने मासा ओढता येत नाही, तुटतो. त्याला पळू द्यायचं, थोडं आत घ्यायचं, पुन्हा पळू द्यायचं, असं करत दमवायचं. सरांनी तो इतका वेळ खेळवला की काकांचा चहा पिऊन झाला, सिगारेट झाली आणि दुसरा चहा झाला. सोडला तेव्हा तो बाजूच्या लव्हाळ्यात आडवा पडून राहिला.

"सर, तो उठत नाहीये."

"झोपलाय," काका म्हणाले. "संडे आहे, झोपू दे त्याला."

आम्ही निघालो तेव्हाही तो तसाच होता. गाडीत सर म्हणाले, आजची लाईन परफेक्ट होती.

काकांचा मुलगा कधी कधी आमच्यासोबत यायचा. माझ्याच वयाचा, दिल्लीतच वाढलेला. मराठी बोलायचा, पण मधेच अडायचा. "यार, तंगूस मतलब? धागा ना?" असं त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं. त्याला मासे आवडत नव्हते, फोन आवडायचा.

दिवाळीनंतरचा तो रविवार. हवेत धूर होता, पाण्यापलीकडचं काही दिसत नव्हतं आणि मासे लागत नव्हते. सर वैतागले. त्यांना त्या दिवशी तिन्ही दोरे ताणून बघायचे होते. मासा जोरात पळाला की रीळ ठरावीक ताणाला दोरा सोडतं, त्याला ड्रॅग म्हणतात. तो बरोबर लागला की नाही हे मासा पळाल्याशिवाय कळत नाही.

काकांना कल्पना सुचली. "अरे, एवढा मोठा मासा शेजारी उभा आहे, आणि तू पाण्यात काय शोधतोस?"

सर माझ्याकडे बघून हसले. "पळशील का रे थोडं? त्या बाभळीपर्यंत?"

मी हो म्हटलं. मला वाटलं दोरा हातात धरायचा. पण काका म्हणाले, "हातात नको, सोडून देईल लबाड. मनगटाला बांध." सरांनी स्वतः गाठ मारली. छान गाठ मारतात ते, मीच शिकवली होती.

पहिला मोनो. मी पळालो. दोरा ताणला, रीळ किरकिरलं आणि मग दोरा तुटला. मी पुढच्या चिखलात हातांवर पडलो.

"मासा पळाला!" काका ओरडले. "पण पडला! पहिला मासा बघितला जो जमिनीवर पडतो!"

"नीट पळ ना," सर म्हणाले. "माशासारखं. झटके दे."

दुसऱ्यांदा फ्लुरो. मी झटके दिले. सरांनी तिथूनच विचारलं, "मासा म्हणून तुला काय वाटतं?"

मी थांबून विचार केला आणि खरं ते सांगितलं. "कमी ताणतो सर. गाठीपाशी चावतो."

काका हसता हसता खाली बसले. "गाठीपाशी चावतो! ह्याला घेऊन चला हिमाचलला, ट्राउटशी बोलेल हा!"

शेवटी ब्रेड. तो ताणत नाही हे मला माहीत होतं, तरी मी जोरात पळालो, कारण आधीचे दोन्ही नीट झाले नव्हते. गाठ एकदम आवळली. मनगटाच्या आत कातडी फाटली आणि रक्त तळव्यावर आलं. मी परत आलो आणि हात दाखवला.

"ब्रेड कापतो, सर."

"म्हणजे चांगला आहे," काका म्हणाले.

सरांनी मात्र मान हलवली. "नाही, नको. एवढा ताठ असेल तर ट्राउटचं तोंड फाटेल, गळ निसटेल. मोनोच घेऊ, चार पौंड ताणाचा. तूच म्हणाला होतास ना पहिल्यापासून?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला खरंच बरं वाटलं. सरांनी गाडीतला टिश्यू दिला.

मुलाने सगळं फोनवर घेतलं होतं. परतताना त्यांच्या ग्रुपवर ते आलं, खाली लिहिलेलं: ताज़ा माल. त्याने मला दाखवलं. "बुरा मत मान यार, सगळ्यांना खूप आवडलं." त्यात मी पळतोय, पडतोय, थांबून उत्तर देतोय. तिघांबरोबर मीही हसलो. त्या दिवशी त्यांना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून मला मानेसरलाच सोडलं. तिथून शिफ्ट सुटलेल्या कामगारांबरोबर मी शेअर ऑटोत बसलो. समोरच्याने माझ्या हाताकडे बघून विचारलं, "प्रेस मशीन में हाथ आ गया क्या?" मी हो म्हटलं.

कुणी म्हणेल, मी जागेबद्दल विचारलं का नाही. इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पहाटे जाळं ओढून झालं की काठावर वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, आणि ज्याने ज्याने ओढलं त्याचा एकेक. कुणी आपला वाटा मागत नाही. मागितला तर होडीवाल्याच्या इमानावर संशय घेतला असं होतं, आणि मागणाऱ्याला पुढच्या खेपेला कुणी बोलावत नाही. मागायचं नाही, हात लावायचा. हात लावला की वाटा आला. मी लहानपणापासून हेच पाहिलं. म्हणून मी दर रविवारी गेलो, गाठी मारल्या, गुंते सोडवले, मेसेज लिहिले. दिवाळी होऊन गेली तरी सर काही बोलले नाहीत, तेव्हा मला वाटलं, कंपनीच्या कामात उशीर होत असेल. वडिलांना फोनवर सांगितलं, सरांनी मनावर घेतलंय, होईल. "मग मी दुसरा माणूस बघू का होडीला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघा. त्यांनी मावशीच्या जावयाला विचारलंही.

होळीच्या सुमारास सरांनी मला गुरुग्रामच्या घरी बोलावलं. दोन दिवसांनी ते निघणार होते आणि रिळावर दोरा भरायचा होता. तो ढिला भरला तर फेकताना गुंता होतो, म्हणून ओल्या फडक्यातून घट्ट ओढत भरावा लागतो. सर आत बॅग भरत होते. मी हॉलमध्ये जमिनीवर बसलो होतो, रीळ एका हातात, दोरा दुसऱ्या हाताच्या चिमटीत. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहा आणून ठेवला आणि त्या समोर बसल्या.

"चहा घे रे, निवेल."

"हे सोडता येत नाही, काकू. थोडं राहिलंय."

"परीक्षा कधी तुझी?"

"मेमध्ये."

"मग पुढे?"

का कोण जाणे, पण त्यांना सांगावंसं वाटलं. कँटीनमधल्या त्या दिवसानंतर त्यांच्यापैकी कुणासमोर मी ते पहिल्यांदाच तोंडातून काढलं. "सर म्हणाले होते, कंपनीत ट्रेनीची एक जागा आहे..."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ती? अरे, ती भरली की! यांच्या त्या बँकेतल्या मित्राचा मुलगा लागला ना तिथे. दसऱ्यालाच. पेढे घेऊन आला होता." मग त्या आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही याला सांगितलंच नाही?"

सर हातात घडी केलेलं जॅकेट घेऊन बाहेर आले. मी दसरा आणि दिवाळी मनात पुढेमागे लावत होतो. मी बाभळीकडे पळत होतो तेव्हा काठावरच्या तिघांनाही ते माहीत होतं.

"सांगायचं काय त्यात?" सर म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "त्याने येऊन विचारलं, अंकल मेरा नाम दे दो. मी दिलं. हा नंतर कधी बोललाच नाही. मला वाटलं, मुनिरक्यात राहतो म्हणजे यूपीएससी करत असेल."

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही रे," काकू मला म्हणाल्या. त्या चांगल्या मनाने म्हणत होत्या. "आता तरी विचार. पुढची जागा कधी आहे हो?"

सर वाकून रीळ बघत होते. त्यांनी अंगठ्याने दोरा दाबून पाहिला आणि छान भरलंस म्हणाले.

"पुढची नाही," ते म्हणाले. "कालच मेल आला. या वर्षी फ्रेशर्सची भरती बंद."