मालक आणि पावणं

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरातल्या कॉम्प्युटरवर दोन खाती ठेवली होती. एकाचं नाव 'मालक', दुसऱ्याचं 'पावणं'. पावणं म्हणजे आम्ही सगळे: सासूबाई, माझा नवरा आणि मी. लग्न होऊन गडमुडशिंगीत आले तेव्हा मला ती थट्टा वाटली. कसली थट्टा आणि कसलं काय!

शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझरकी करण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला आम्हीच उरलो. कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं असतं, एरवी बंद ठेवलेलं. मामांनी दुकानदाराला बोलावून मुद्दाम तेच 'मालक' म्हणून उघडून घेतलं, कारण ते कशालाही परवानगी मागत नाही. "मालकाला कोण इचारतंय?" म्हणायचे आणि मिशीत हसायचे. त्या हसण्याची मला चीड यायची, अजून येते.

मला घरबसल्या हिशेबाचं काम मिळणार होतं. त्यासाठी ऑनलाइन परीक्षा होती, आणि परीक्षेसाठी एक प्रोग्राम घालून घ्यायचा होता. ऐन वेळी एक चौकट उघडून कॉम्प्युटर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागू लागला. मामा सोप्यात शेंगा फोडत बसले होते.

"मामा, पासवर्ड टाका की. परीक्षा सुरू होतीय."

"मशीन बिघडलं म्हंजे?"

"नाही बिघडत. पाया पडते तुमच्या."

"पावणं हाईस, पावण्यागत ऱ्हा की!"

शेंगा संपेपर्यंत ते उठले नाहीत. परीक्षा गेली, काम गेलं. मी मोरीत जाऊन रडले, आणि त्या दिवसापासून त्या माणसाशी कामापुरतंच बोलले.

पुढे आम्ही कोल्हापुरात वेगळं बिऱ्हाड केलं, मला दुसरीकडे नोकरी लागली. परवा मामा रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन दारात हजर! कुणाला कळू नये म्हणून पासवर्ड बदलला होता आणि स्वतःच विसरले होते.

"बघ की गं. तुला कळतंय ह्यातलं."

मी डबा माझ्या स्क्रीनला जोडला. 'मालक' उघडेना. 'पावणं' उघडलं. त्यात बसून मामा मालकाचा पासवर्ड बदलायला गेले, तर तीच जुनी चौकट समोर आली.

"आता हे काय मागतंय?"

"मालकाचा पासवर्ड."

"मालक मीच हाय की!"

"त्याला काय माहीत, मामा? तुम्ही पावण्यांत बसलाय."

मी चहा टाकला आणि फडताळातून पाहुण्यांचे कप काढले.