वेशीसमोरची माणसं

ड्रॉइंग मास्तरांना कुणालाही 'बाजूला सरका' म्हणता येत नसे. फळ्यासमोर एखादं पोर उभं राहिलं, तर मास्तरच मान वाकडी करून त्याच्या कडेनं चित्र काढत. जाफराबादजवळच्या त्या शाळेत मी नवी बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा या भिडस्तपणाचं मला हसू येई. पुढं त्याचाच राग आला. आता नुसती हळहळ उरली आहे.

गावाच्या वेशीवर मास्तरांचा फार जीव. दगडी कमान, तिच्यावर उगवलेला पिंपळ, एक बुरूज ढासळलेला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. एस.टी. आत यावी म्हणून वेस पाडायचं घाटत होतं. ती वाचावी म्हणून मास्तरांनी पुरातत्त्व खात्याकडं अर्ज केला. उत्तर आलं, वेस जपण्याजोगी आहे का ते ठरवायला तिचे स्वच्छ फोटो महिनाभरात पाठवा. मास्तरांकडे जुना बॉक्स कॅमेरा होता, त्यामुळं काम सोपं वाटलं.

पण कॅमेरा दिसला की गाव गोळा होई. कुणी फेटा बांधून येई, कुणी नव्या सुनेला घेऊन. मास्तर त्यांना हौसेनं उभं करत. जालन्याहून रोल धुऊन आला की त्यात चेहरेच चेहरे. वेस कुणाच्या खांद्यामागं दिसली तर दिसली. मी चिडले की म्हणत, "बाई, हौसेनं आलेल्या माणसाला हुसकावू कसं?"

मुदत संपत आली तेव्हा आम्ही दोघं भल्या सकाळी गेलो. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. वेशीत चिटपाखरू नव्हतं. मास्तर कॅमेरा लावतात तोच बौद्धवाड्यातली कौसाबाई कामाला निघालेली आली. डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती कमानीच्या ऐन मधोमध उभी राहिली.

"मास्तर, माझ्या लग्नाची वरात या वेशीतून येऊ दिली न्हाई," ती म्हणाली. "मागून, वढ्यानं आणलं मला. माझा फोटो हितंच काढा."

"पदर नीट घ्या, मावशी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खटका दाबला.

परतताना मी बोललेच, आता दुसरा रोल धुऊन यायला वेळ नाही. ते म्हणाले, "न्हाई. पण बाई, त्या वेशीनं तिच्यासाठी एवढं तरी करायला पायजे व्हतं."

आम्ही होते ते फोटो पाठवले. त्यांत वेस दिसत नाही, असा शेरा पडून फोटो परत आले. एक स्वच्छ फोटो गेला असता तर वेस वाचली असती, असं मला अजून वाटतं. आणि कौसाबाईला सरकवून घेतलेला तो फोटो मला बघवला असता का, तेही कळत नाही.

पाडायच्या दिवशी मुकादमानं दोर बांधून सगळ्यांना लांब उभं केलं. वेशीसमोर कुणीच नव्हतं. मास्तर नवा रोल भरून आले होते. मी म्हटलं, मास्तर, आता घ्या. त्यांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि वाकून बराच वेळ त्याच्या वरच्या काचेत पाहिलं.

"सगळी वेस दिसून राह्यली हो, बाई," ते म्हणाले. पहिली पहार बसली, तरी त्यांचा हात खटक्याकडं गेला नाही.