बाष्पीभवनाची प्रस्तावना

चहा आधी पिऊन घ्या बुवा, नाहीतर हसताना ठसका लागेल. मी गुरुजी कसा झालो ते सांगतो. खरं म्हणजे, न शिकवताच झालो!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डी.एड.चं शेवटचं वर्ष. माझा वार्षिक परीक्षेचा पाठ आला डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत. चौथीचा वर्ग, विषय बाष्पीभवन. पाठात नापास म्हणजे वर्ष वाया. आणि इकडे गावी, टोकावड्याला आमच्या बाबांनी विहारात आधीच सांगून टाकलेलं, "आमचा पोरगा गुरुजी झाला!" आता बोला!

आम्हाला एक नियम शिकवलेला. पाठाचं नाव शिक्षकानं आपणहून सांगायचं नाही. आधी प्रस्तावना. म्हणजे असे प्रश्न विचारायचे, की उत्तरं देता देता मुलंच विषयापाशी येतील. मग फळ्यावर नाव लिहायचं आणि पाठ सुरू करायचा.

माझं पाठटाचण म्हणजे देखणं काम! डावीकडे माझे प्रश्न, उजवीकडे मुलांची अपेक्षित उत्तरं. सगळं पट्टीनं आखून. फक्त ही उत्तरं मुलांना कोणी कळवली नव्हती.

मागच्या बाकावर परीक्षक बसले. पिकलेले केस, तोंडात सुपारी. मी घसा खाकरला.

"मुलांनो, ओली चड्डी दोरीवर टाकली, तर संध्याकाळी काय होतं?"

अपेक्षित उत्तर: वाळते.

पांडू उठला. "शोधाय लागते गुरुजी. वाऱ्यानं उडते."

"बरं, नाही उडाली. तर तिच्यातलं पाणी कुठं जातं?"

"खाली गळतं."

"आणि घट्ट पिळून टाकली तर?"

"मंग पानीच नाय ना गुरुजी!"

बरोबरच होतं हो! पण टाचणात नव्हतं. मला 'वाफ होऊन हवेत जातं' एवढंच हवं होतं. ते आल्याशिवाय पुढं कसं जाणार, तुम्हीच सांगा?

मी पाट्या काढायला लावल्या. "ओल्या करा. आता हे पाणी कुठं जाईल?"

"शर्टाला!" अख्खा वर्ग. आणि सगळ्यांनी पाट्या पोटावर पुसल्याही.

"पुसायचं नाही! परत ओल्या करा."

झालं! कोणी फुंकर घालतंय, कोणी पाटी हलवतंय, निम्मा वर्ग ओट्यावर उन्हात पळाला. परीक्षकही उठून त्यांच्या मागं गेले.

तेवढ्यात सुगंधा ओरडली, "गुरुजी, माझी उन्हातली वाळली! हिची सावलीतली बघा, वलीच!"

"माझी वाऱ्यानं वाळली," पांडू म्हणाला.

"पानी पसरून लावलं की पटकन जातं, गुरुजी. भात वाळत घालताना पसरतात ना, तसं!" आणखी एक मुलगी म्हणाली.

"अगो, पन गेलं कुठं?" परीक्षकांनीच पोरांच्या बोलीत विचारलं.

सुगंधानं हात वर केला. "हवेत गेलं. चुलीवरच्या भांड्यातनं जातं तसं. हे थोडं थोडं जातं म्हणून दिसत नाय."

आता मी काय करावं? मी टेबलावर पट्टी आपटली!

"शांत बसा! ऊन, वारा हे मुद्दे पुढं यायचेत. आधी प्रस्तावना!"

सगळी मुलं आत येऊन जागेवर बसली. मी टाचणात बोट ठेवून पुढचा प्रश्न शोधू लागलो, आणि घंटा झाली.

फळा कोरा! डोळ्यांसमोर बाबा, विहार, सगळं गाव. परीक्षक जवळ आले तसे मी हात जोडले.

"सर, थोडा वेळ द्या. पाठ अजून सुरूच झाला नाही."

"अहो, मुलांचा कधीच झाला," ते हसत म्हणाले. "पास करतोय तुम्हाला. फक्त शेरा काय लिहू? पाठ उत्तम, शिक्षक गैरहजर?"

मी घाईघाईनं म्हणालो, "नाही हो सर, मी सकाळीच मस्टरवर सही केलीय!"