काकांचा उजवा पाय

प्रभाकरकाका झोपाळ्यावर बसले की त्यांचा डावा पाय गप्प असायचा आणि उजवा सतत हलायचा. पुढे, मागे, जरा थांबून पुन्हा पुढे. रेवदंड्यात आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे लहानपणापासून मी तो पाय बघत आले. माणसाचं मन कुठे असतं हे डॉक्टर काहीही सांगोत, काकांचं उजव्या पायात होतं. त्याला एका जागी ठरता म्हणून येत नव्हतं.

उरणच्या गॅस प्लांटमधून निवृत्त झालेला हा उंच, हसरा माणूस बाजारात गेला की प्रत्येक पापलेट उलटंपालटं करून बघायचा आणि शेवटी अंडी घेऊन घरी यायचा. "घाई कसली? दोन्ही बाजू बघाव्या माणसानं," हे त्यांचं पालुपद. त्यावर सुमतीकाकू म्हणायच्या, "मासा हाय तो. त्याला दोनच बाजू हायत. बघून झाल्या असतील तर घ्या आता." काका मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंडी.

काकूंना गाडी लागते, ही आमच्या आळीतली सर्वमान्य गोष्ट होती. काका गाडी काढायला लागले की काकू आधी लिंबू शोधायच्या आणि मग पिशवी. खरं तर काकू मिठागरवाल्यांच्या घरातल्या. लग्नाआधी मिठाच्या ट्रकात, ड्रायव्हरशेजारी बसून पनवेलला जायच्या. आताही बहिणीकडे जाताना मांडव्याच्या बोटीत बाकीचे हिरवेपिवळे पडायचे तेव्हा ह्या शेंगदाणे खात बसायच्या. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, तरी दोन आणि दोन चार करायची बुद्धी कुणाला झाली नाही.

त्यांची एकुलती लेक मुग्धा लग्न होऊन पुण्याला गेली. पुण्याला समुद्र नाही, हा काकूंचा त्या शहराबद्दलचा मुख्य आक्षेप, कारण तिथे जायला बोट नव्हती. मग मुग्धाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून काकूंनी डिंक, खारीक, अळीव सगळं आणून ठेवलं, आणि डॉक्टरांनी मुग्धाला प्रवासाची सक्त मनाई केली. आता आईनेच तिकडे जायला हवं होतं. काकूंचा जीव टांगणीला लागला. वेळेला आपण लेकीजवळ नसू, या धास्तीने त्यांना घास उतरेना.

काकांनी जाहीर केलं, "तुला लागणार न्हाय अशी गाडी घेतो. पोटातलं पाणी हलायचं न्हाय." आणि आहे ती गाडी त्यांनी विकून टाकली. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव झटपट निर्णय.

नव्या गाडीसाठी दोन उमेदवार उभे राहिले. दोन्ही उंच, ऐसपैस, लाडू-डबे-बाळंतिणीचं सामान मावेल अशा. एक हायब्रिड, म्हणजे पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालणारी. दुसरी साध्या पेट्रोलची, इंजीन लहान पण टर्बोवाली. काकांनी ओटीवर दोघींची बाजू इतक्या निष्ठेने मांडली की वधूवरसूचक मंडळातही त्यांना नोकरी मिळाली असती. "हायब्रिड शनिवारी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये राणी. पण टर्बो घाटात वाघीण. आता सांग नीता, माणसानं राणी घ्यावी का वाघीण?" मी म्हटलं, "काका, काकूंना विचारा." ते म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं?" काकू आतून म्हणाल्या, "मला एवढंच कळतंय, पोर थांबायची न्हाय."

मग चाचण्या सुरू झाल्या. अलिबागच्या शोरूमचा सेल्समन गाडी दारात घेऊन यायचा, काका चालवायचे, तो शेजारी, मागे काकू आणि मी. चाचणीची पद्धत काकांची स्वतःची होती. काकूंची पिशवी कुठल्या गावाला उघडते, त्यावर गाडीचे गुण. हायब्रिड नागावपर्यंत टिकली. टर्बो चौललाच नापास. काका हायब्रिडवर शिक्कामोर्तब करणार, तोच फेरपरीक्षेत टर्बो थेट आक्षीपर्यंत गेली आणि सगळा निकाल ओम फस्स झाला.

मी मागे बसून बघत होते. ब्रेक मारला की हायब्रिडची बॅटरी भरते, हे सेल्समनने सांगितल्यापासून काका रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक मारत होते. "थांबलेलंसुद्धा फुकट जात न्हाय बघ," म्हणत पुन्हा थांबायचे. टर्बोला जरा वेळाने जोर येतो म्हटल्यावर तो आला का हे बघायला पाय दाबायचे, आला की दचकून सोडायचे. काकू डोळे मिटून लिंबू हुंगत होत्या. त्यातच एकदा कोळीवाड्याच्या वळणावर हायब्रिड बॅटरीवर चालत बिनआवाजाची शिरली. तिथे रस्त्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातलेला असतो आणि गाडीचा आवाज आला की बायका तो बाजूला ओढतात. या वेळी कुणाला काही ऐकूच आलं नाही. अर्ध्या जवळ्यावरून चाक गेल्यावर जवळेवाली कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काका, गाडी आणलीत का भूत? वाजत का न्हाय ती?" काकांनी सगळा जवळा विकत घेतला. पुढचे कितीतरी दिवस दोन्ही घरांत जवळ्याची चटणी होती.

असे पाच महिने गेले. एका सकाळी पुण्याहून जावयाचा फोन आला. तारखेच्या बऱ्याच आधी मुग्धाच्या कळा सुरू झाल्या होत्या. काकू कोळंबी सोलत होत्या, तशाच उठल्या. काका झोपाळ्यावर बसून पाय हलवत म्हणाले, "शोरूमला फोन लावतो. आज दोन्हीतली एक..." काकूंनी हात धुतले, डब्यांची पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "नीता, तुझी गाडी काढ."

माझी गाडी म्हणजे जुनं, खडखडणारं खटारं. काकू पुढे बसल्या, काका मागे. काकूंच्या मांडीवर लिंबू आणि पिशवी होती. पेण आलं, पिशवी उघडली नाही. खोपोलीला काकूंनी बटाटावडा मागितला आणि दोन खाल्ले. बोरघाटाच्या वळणांवर त्या ठेचा सांडू न देता तिसरा खात होत्या. आरशात मला काकांचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "गाडी न्हाय, मी लागत होतो तुला."

काकूंनी तोंडातला घास संपवला. "व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं गाडी काढायचात. मी दुसऱ्याच्या गाडीत बसले असते तर तुम्हाला काय वाटलं असतं?" हात पुसत त्या म्हणाल्या, "आज लेकीचं हाय, म्हणून."

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. मागून काकांचा हात पुढे आला आणि काकूंच्या खांद्यावर बसला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मुग्धाला आत नेत होते. काकूंनी तिचा हात धरला. तासाभरात नात झाली, आणि काकांनी तिला दोन्ही बाजूंनी बघितलं.

परत आल्यावर काकूंनी माझ्याकडून गाडी शिकायला घेतली. साठीला टेकलेली बाई, समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूवर आठचे आकडे काढायची. मग त्या शोरूममध्ये गेल्या आणि त्यांनी सेल्समनला एकच प्रश्न विचारला, "दोघींतली वाजते कोण?" त्याने टर्बोकडे बोट दाखवलं. "हीच द्या. जवळेवालीला ऐकू आलं पाहिजे." पाच महिन्यांचं काम पाच मिनिटांत झालं. सेल्समन एवढा खूश झाला की त्याने सोबत आलेल्या काकांनाच मिठी मारली.

पुढे चार वर्षं काका डाव्या सीटवर बसून पुण्याला जात राहिले, हातात लिंबू घेऊन. आता त्यांना गाडी लागायची. तरी ते प्रत्येक वेळी निघायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या हिचा पाय बघ, कसा ठाम हाय."

गेल्या वर्षी काका झोपाळ्यावरच गेले. तेव्हा तो पाय मी पहिल्यांदा थांबलेला बघितला आणि मला रडू फुटलं. इतका गोड, इतका गोंधळलेला माणूस मला पुन्हा भेटायचा नाही.

परवा काकूंबरोबर पुण्याला निघाले. डाव्या सीटवर बसताना माझी नजर खाली गेली. पायपुसणीला उजव्या पायाच्या जागी चांगलं तळहाताएवढं भोक पडलं होतं. चार वर्षं काका तिथे ब्रेक मारत होते. मी म्हटलं, "काकू, ही बदलून घेऊ या."

काकूंनी आरसा नीट केला, गाडी सुरू केली. "न्हाय बदलायची," त्या म्हणाल्या. "गाडी दोघांनी चालवली हाय."