निळं छत आणि बावड्याचे पाहुणे

रंगांच्या बाबतीत माझं चुकत नाही. सव्वीस वर्षं मी बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आहे, आणि या सव्वीस वर्षांत घरातल्या एकाही माणसाने मला पडद्याचासुद्धा रंग विचारलेला नाही. तरीही माझं चुकत नाही.

गोष्ट आमच्या सणसरच्या घराची. तिथे माझे सासरे, म्हणजे आबा, राहतात. आम्ही शनिवार-रविवारी जातो. घरापुढची जुनी पत्र्याची ओसरी काढून आम्ही स्लॅब टाकला आणि खाली पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवल्या. फरश्या आमच्या यांनी निवडल्या. कुणाला न विचारता. राहिलं होतं फक्त छत. त्यात अक्षयचं, म्हणजे आमच्या मुलाचं, लग्नाचं जमत आलं होतं आणि पंधरा दिवसांनी बावड्याचे पाहुणे घर बघायला येणार होते.

"छताला निळा रंग द्यायचा," मी जाहीर केलं.

"निळा?" आबा म्हणाले. "छत पांढरं असतंय, सूनबाई."

मी त्यांना शांतपणे समजावलं. माझ्या माहेरी, कऱ्हाटीला, ओसरीचं छत निळं होतं. माझी आई दर दिवाळीला चुन्यात नीळ कालवून ते स्वतः रंगवायची. त्या रंगाखाली डास बसत नाहीत, डोळ्यांना गारवा वाटतो आणि घराला घरपण येतं. ही आपली परंपरा आहे.

"ती कऱ्हाटीची परंपरा हाय," आबा म्हणाले. "सणसरची न्हाय."

सासरच्या छताला माहेरचा रंग कसा, हा खरा मुद्दा होता. पण तो उघड बोलायची कुणाची हिंमत नव्हती. आमचे हे तर पेपरात तोंड घालून बसले होते. (यांना आकाशी आणि मोरपंखी यातला फरक कळत नाही. एकदा मी मोरपंखी साडी आणायला सांगितली तर चक्क हिरवी घेऊन आले आणि वर म्हणाले, मोर हिरवाच असतो.)

मी एकटीच बारामतीला रंगाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने माझ्यापुढे निळ्या रंगांचं जाडजूड पुस्तक टाकलं. एकट्या निळ्याच्या साठ-सत्तर छटा, आणि सगळ्यांची नावं इंग्रजी. एकीच्या नावाचा अर्थ होता सकाळची कुजबुज, दुसरीच्या नावाचा आठवणीतला समुद्र. मी म्हटलं, "चुन्यात नीळ कालवल्यावर येतो तो निळा द्या."

तो म्हणाला, "नंबर सांगा मॅडम."

म्हणजे आमच्या आईने आयुष्यभर जो रंग हाताने कालवला त्याला आता नंबर पाहिजे. मला इतका राग आला की मी एकदम सात डबे घेतले. लहान डबे. त्या सातातला एक तरी आईचा असणार.

रविवारी मी स्टुलावर चढून छताला सात पट्टे ओढले आणि तिथेच फसले. कारण पुढचा आठवडाभर सणसरमधला जो माणूस आबांकडे आला त्याने मान वर करून आपलं मत दिलं. एकाला पहिला पट्टा विहिरीच्या पाइपासारखा वाटला. एकाने तिसऱ्याकडे बोट दाखवून, "ह्यो आमच्या ट्रॉलीला हाय, लय टिकतो," असं सांगितलं. सोसायटीतून आलेल्या एका गृहस्थांनी तर, "वर काय सांडलंय?" असं विचारलं. या लोकांना मी मत विचारलं नव्हतं.

मी मात्र रोज शाळा सुटली की बारामतीहून सणसरला जायचे आणि दोन-दोन तास मान वर करून ते पट्टे बघायचे. आठव्या दिवशी माझी मान वरच राहिली. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घालायला दिला. मग मला पट्टा घालून आरामखुर्चीत मागे रेलूनच रंग बघावा लागला. शेवटी चौथा पट्टा निवडला. तो आईच्या रंगाच्या सगळ्यात जवळ होता, फक्त जरा फिका वाटत होता. म्हणून दुकानात जाऊन मी त्यात आणखी निळा घालून घेतला. मग आणखी थोडा.

रंगारी नामदेवराव गावातलेच. त्यांनी डबा उघडला, आत बघितलं, खाली फरश्यांकडे बघितलं.

"बाई, ऑइल पेंट हाय ह्यो. चमकील."

"चमकू दे. जळमटं पुसता येतात."

"तसं न्हाय. खाली पांढरी फरशी, वर चमकता निळा. दुपारचं ऊन फरशीवर पडलं की वर जाईल आन् वरनं निळं हून खाली यील."

"नामदेवराव," मी म्हटलं, "मला रंग शिकवू नका. सव्वीस वर्षं झाली."

त्या बिचाऱ्यांनी ब्रश उचलला. त्यांनी दोन हात मारले. तिसरा मी मारायला लावला.

सकाळच्या उन्हात ते छत इतकं सुंदर दिसत होतं की मला आईची आठवण येऊन रडू आलं. आबांनीसुद्धा बराच वेळ वर बघितलं आणि, "बरं हाय," म्हणाले. आबांच्या तोंडून एवढं ऐकायला मला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं लागली होती.

पाहुणे सकाळी अकराला येणार होते. ते आले दुपारी चारला. (याचा दोष आजपर्यंत कुणीही पाहुण्यांना दिलेला नाही.) मुलगी प्राजक्ता, तिचे आईवडील आणि मामा असे चौघे होते. प्राजक्ता इंदापूरला माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. मामा दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते आणि त्यांच्या शब्दाला त्या घरात डॉक्टरपेक्षा जास्त मान होता.

सगळे ओसरीवर बसले. ऊन तिरपं होऊन फरशीवर आलं होतं. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले. आबांचं पांढरं धोतर आभाळासारखं दिसत होतं. अक्षयचे ओठ जांभळे होते. आमचे हे तर विहिरीतून नुकतेच काढल्यासारखे दिसत होते. आणि हातातले माझे पिवळेधमक पोहे शेवाळासारखे हिरवट झाले होते.

मी बश्या ठेवल्या. कुणी हात लावला नाही.

मामा मघापासून आबांकडे टक लावून बघत होते. शेवटी खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूच विचारलं, "आबा, चालताना धाप लागती का?"

"मला?" आबा म्हणाले. "सकाळी चार एकराला चक्कर मारून आलोय."

"व्हय, पण हात बघू जरा." मामांनी आबांची नखं बघितली. मग अक्षयची बघितली. मग आमच्या यांच्या तोंडाकडे बघितलं. मग प्राजक्ताच्या वडलांच्या कानाशी लागून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "आजा, बाप, पोरगा. तिघांचंबी तसंच. घराण्यातच हाय."

"काय आहे घराण्यात?" मी विचारलं.

"काय न्हाय, ताई. तुमच्या मानेला काय झालं?"

"वर बघून बघून आखडली."

"वर काय बघत हुता?"

मला इतका संताप आला होता की मी एवढंच म्हणाले, "आमच्या घरात कुणालाही कसलाही आजार नाही." हे वाक्य मी फार ठासून म्हणाले असणार, कारण प्राजक्ताच्या वडलांनी टोपी नीट केली आणि, "बरंय, कळवतो मग," असं म्हणून ते उठायला लागले. आमच्या भागात "कळवतो" म्हटलं की कुणी काही कळवत नसतं.

अक्षय माझ्याकडे बघत होता. त्याला ही मुलगी आवडली आहे हे मला महिन्याभरापासून माहीत होतं. आणि आता त्याचा चेहरा जांभळा होता. तिसरा हात मीच मारायला लावला होता.

तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, "मामा, तुमची नखं बघा."

मामांनी बघितली. निळी. त्यांनी दुसरा हात बघितला. तोही निळा. ते एकदम खाली बसले, छातीवर हात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाले, "पाणी द्या कुणीतरी. मला गाडीतच जरा कसंतरी वाटत हुतं."

"मामा, उठा," ती म्हणाली. "सगळेच अंगणात चला बरं."

तिने मामांना दंडाला धरून लिंबाखाली नेलं. आम्ही मागोमाग गेलो. तिथे मामा पुन्हा गव्हाळ झाले, आबा सावळे झाले आणि आमचे हे होते तसे झाले. प्राजक्ताने छताकडे बोट केलं. पहिल्यांदा आबा हसले, मग मामा, आणि मग कुणालाच थांबता येईना. मी हसले नाही. मी म्हटलं, रंग चुकलेला नाही, ऊन चुकीच्या बाजूने आलं. त्यावर ते आणखी हसले.

चहा अंगणातच झाला. अक्षय आणि प्राजक्ता उसाच्या कडेने बराच वेळ बोलत फिरून आले, आणि निघायच्या आधी लग्न ठरलंसुद्धा.

गाडीत बसताना प्राजक्ताच्या आईने माझा हात प्रेमाने हातात घेतला. "बायोडेटात नुसतं शिक्षिका लिहिलंय. विषय कुठला असतो तुम्हाला?"

मामा थांबून ऐकत होते. मी छताकडे बघितलं. मान वर होत नव्हती तरी बघितलं.

"भूगोल," मी म्हणाले.

लग्न होऊन आता वर्ष झालं. खरं काय ते सुनेला माहीत आहे, पण ती गुणी आहे, बोलत नाही. परवा विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या भाच्याला यंदा भूगोल फार जड जातोय, तर सुट्टीत आठ दिवस तुमच्याकडे पाठवते म्हणाल्या. मी हो म्हटलं. सध्या रोज शाळेतून आल्यावर त्याचं पुस्तक घेऊन बसते. कालपर्यंत खारे वारे झाले, आज मतलई वारे आहेत. ते समुद्राकडे जातात की समुद्राकडून येतात, यात माझा अजून गोंधळ होतो.