दामूकाकांचे सरकारी सागवान

हे किस्से मी नव्वदच्या दशकाच्या मध्यास, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना, दिवाळीच्या सुट्टीत सुरतेस विमलकाकूंच्या तोंडून ऐकले. त्यांचे यजमान दामूकाका शेजारी बसून दुरुस्त्या सुचवत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी एकच ध्यास घेतला होता. जुनी सरकारी इमारत पाडली की तिचे सागवान पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मिलच्या बॉयलरमध्ये जळण म्हणून जाई. त्याआधी मिळेल ते वाचवायचे. अशा घरात सामानाहून किस्से लवकर साठतात!

पहिले आले कचेरीचे दोन फळ्यांचे दार. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. अखेर शेजारच्या हंसाबेननी आपली गॅलरी रिकामी केली आणि दोर लावून दार वर घेतले. त्यांचे ते उपकार काकू अजून स्मरतात. त्या दिवशी मात्र काकूंनी एवढेच विचारले, "आता हे बसवणार कुठं?"

काका म्हणाले, "दार तर मिळालं! भिंतीचं बघू सावकाश."

मग कोषागाराची लोखंडी जाळी आली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीला लागली. हंसाबेननी हळूच विचारले, "काका, घरमां सोनुं बहु छे?"

"ना बेन," काका गंभीरपणे म्हणाले, "आमच्या हिचे अनारसे छे!"

साक्षीदाराच्या कठड्याची गोष्ट सुरू झाली, तेव्हा मात्र काकांनी दुरुस्त्या थांबवल्या. ते पाडकामावर पोहोचण्याआधीच लाकडांचा ट्रक निघून गेला होता. स्कूटरवरून पांडेसरा गाठले, तर कठडा बॉयलरच्या तोंडाशी पडलेला, आणि त्यावर हात ठेवून खानदेशी बॉयलरवाला उभा.

"भाऊ, एवढा जाळू नका. साक्षीदाराचा कठडा आहे हा."

"माले माहीत शे, काका. यामा उभा राहीसन एक जण मन्हासाठे खरं बोलना व्हता. मी खटलामाईन सुटनू. याले कसा जाळू?"

"कोण होता तो?"

"वळखीना नव्हता."

त्याने स्वतः कठडा हातगाडीवर चढवला. काकांनी त्याला हात जोडले. त्यानेही जोडले, पण कठड्याला!

पुढे मी जमेल तेवढी चौकशी केली. इमारत, ट्रक, मिल, सारे खरे निघाले. कठडा इमारतीच्या ज्या भागातून निघाला, तिथे कधी न्यायालय भरत असे, एवढे मात्र मला कुठेच पडताळता आले नाही.